संथ पावलांचा डोंगर

श्रम केल्याखेरीज दर्शनाला मोल नाही, ही आपल्या मुलखातील जुनी आणि आदरणीय समजूत आहे. गड चढावा तो पायथ्यापासून, देवीला जावे ते पायऱ्यांनी आणि पंढरी गाठावी ती पायी, या संस्कारात वाढलेल्या माणसाला, ज्याच्या माथ्याच्या अगदी जवळ मोटार नेऊन सोडते आणि ज्याची उरलेली वाट माळरानासारखी सौम्य आहे असा डोंगर कोणी दाखविला, तर त्याच्या मनात प्रथम संकोचच उत्पन्न होतो. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, कुस्को नगरातून सकाळी निघून सायंकाळी परत येता येईल अशा पालकोयो नावाच्या रंगीत डोंगरावर आम्ही उभयता, साठी ओलांडल्यानंतर, एका वाटाड्यासमवेत गेलो, तेव्हा हा संकोच आमच्याही बरोबर होता. परतताना तो उरला नाही. कारण सोप्या वाटेलाही स्वतःची एक शिस्त असते, आणि ती संथपणाची शिस्त पाळणे आपल्यासारख्या घाईच्या माणसांना चढणीइतकेच कठीण असते, हे त्या एका दिवसात पुरते कळून चुकले.

रंगीत डोंगर म्हटले की आज ज्याचे चित्र जगभर डोळ्यांपुढे उभे राहते, तो विनिकुंका याच प्रदेशातला. त्याच्या दर्शनस्थळाची उंची सुमारे ५,०३६ मीटर आहे. कुस्कोहून पहाटे तीन-चारच्या सुमारास निघावे लागते, मोटार थांबते तेथून पुढे दम काढणारी चढण असते, आणि ऐन हंगामात त्या एका धारेवर दिवसाकाठी हजारावर माणसे लोटतात. पालकोयो त्याच विल्कानोता पर्वतराजीत, कांचिस प्रांतात आहे. त्याची उंची ४,९०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट. परंतु गाडीरस्ता बहुतेक त्या उंचीपर्यंत पोचला असल्यामुळे जाऊन-येऊन चालणे तास-दीड तासाचे, आणि तेही मंद चढाचे. एकाच पायवाटेवरून येथे तीन रंगीत डोंगर दृष्टीस पडतात आणि गर्दी बेताची असल्याने ते निवांतपणे पाहता येतात.

मात्र पायांची वाट सोपी झाली म्हणून छातीची वाट सोपी होत नाही, हे जाणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावे. त्या उंचीवरील हवेतही प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ इतकेच असते. पण हवेचा एकूण दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडा अधिक, अदमासे शेकडा ५५ एवढाच उरतो, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराच्या पदरात प्राणवायू जवळजवळ निम्माच पडतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे, दोन पावलांत धाप लागणे अशी लक्षणे दिसू लागली की तेथील लोक त्याला ‘सोरोचे’ म्हणतात. हा विकार वय पाहत नाही की व्यायामाची सवय पाहत नाही. तरण्याबांड गिर्यारोहकास तो गाठतो आणि एखाद्या आजीबाईंना सोडूनही देतो.

यावर खरा उपाय म्हणजे प्रवासाचा क्रम. लिमा ही राजधानी समुद्रकाठी. तेथून विमानात बसलेला माणूस दीड तासाच्या आत कुस्कोच्या ३,४०० मीटरांवर उतरतो आणि त्याच्या रक्ताला या बदलाची वर्दी देण्यासही सवड मिळत नाही. म्हणून कुस्कोला उतरताच तडक उरुबांबा नदीच्या खोऱ्यात जावे, तेथील २,८०० ते २,९०० मीटर उंचीच्या गावांत दोन-तीन रात्री काढाव्या, त्याच मुक्कामात २,४३० मीटरांवरील माचू पिच्चू पाहून घ्यावे, मग कुस्कोत येऊन राहावे, आणि रंगीत डोंगर शेवटासाठी राखून ठेवावा. आम्ही हाच क्रम पाळला व त्याचा लाभ आम्हांस पदोपदी जाणवला. आहार हलका असावा, पाणी वरचेवर प्यावे, मद्य वर्ज्य करावे. हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि उंचीच्या विकारावर दिली जाणारी अॅसिटाझोलामाइडसारखी गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. डोकेदुखी वाढत जाऊन ओकाऱ्या होऊ लागल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर विनाविलंब खाली उतरावे. त्या प्रसंगी हट्टाला जागा नाही.

आमची गाडी सकाळी सहाच्या सुमारास निघाली. कुस्कोच्या आग्नेयेस जाणारा हा रस्ता विल्कानोता नदीच्या खोऱ्यातून जातो. हीच नदी पुढे उरुबांबा या नावाने माचू पिच्चूच्या पायथ्यास वळसा घालते आणि अखेरीस तिचे पाणी अॅमेझॉनमधून अटलांटिक महासागरास मिळते. वाटेत ओरोपेसा हे भट्टीकरांचे गाव लागते. तेथील थाळ्याएवढी वाटोळी पावरोटी, ‘चुता’, आमच्या वाटाड्याने गाडी थांबवून घेतली आणि ती ऊन ऊन रोटी मोडून सर्वांना वाटली. पुढे आंदावाय्लियासचे चर्च आहे. बाहेरून साधे, परंतु आतील भिंती आणि छत रंगचित्रांनी व सोनेरी वर्खाने असे मढविलेले की त्याला अमेरिका खंडातील सिस्टाइन चॅपेल म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

या खोऱ्याला इतिहासाचीही एक करुण बाजू आहे. रस्ता तसाच पुढे नेला तर तिंता लागते. तेथील स्पॅनिश मामलेदार आरियागा याच्या जुलमी वसुलीने गांजलेल्या रयतेचा कैवार घेऊन, इंका राजवंशाचा वारस म्हणविणारा आणि खेचरांच्या तांड्यावर व्यापार करणारा वतनदार दुसरा तुपाक आमारू उठला, व १० नोव्हेंबर १७८० रोजी त्या मामलेदारास फाशी देऊन त्याने बंडाचे निशाण उभारले. इकडे मराठे इंग्रजांशी पहिल्या युद्धात गुंतले होते, त्याच काळातली ही हकीकत. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात त्याचा आणि त्याच्या कुटुंबीयांचा अत्यंत क्रूरपणे अंत करण्यात आला. पण पेरूच्या स्वातंत्र्याची स्मृती आजही याच खोऱ्यापासून सुरू होते.

चेकाकुपे येथे मुख्य रस्ता सोडून डोंगराकडे वळावे लागते. या लहानशा गावात एकाच नदीवर तीन काळांचे तीन पूल जवळ जवळ उभे आहेत: इंका पद्धतीचा झुलता, स्पॅनिश अमदानीतला दगडी आणि त्यानंतर प्रजासत्ताकाच्या काळात झालेला. तेथून थोड्याच अंतरावर पितुमार्का हे विणकरांचे गाव आहे. एका घराच्या अंगणात, कमरेला पट्टा बांधून आणि मागाचे दुसरे टोक खुंटीला ताणून, एक बाई जमिनीवर विणीत बसल्या होत्या. त्यांनी वाटीतून करड्या रंगाचे, मिऱ्याहूनही लहान असे दोन-तीन कण उचलून तळहातावर चिरडले, आणि तळहात क्षणात गडद किरमिजी झाला. फड्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनिल किड्याचा तो रंग होता. त्यावर त्यांनी लिंबाचे दोन थेंब पिळले, तो रंग नारिंगीकडे झुकला. माझी पत्नी एकदम म्हणाली, “अहो, हळदीला चुना लावल्यासारखंच की हे!” चुन्याने हळदीचे कुंकू होते आणि आंबटाने किरमिजीचे केशरी होते, रसायन वेगळे, दिशाही उलटी, पण भाषेचा एकही शब्द समाईक नसलेल्या त्या दोन स्त्रियांना एकमेकींचे स्वयंपाकघर तेवढ्यावरून कळले. त्या हसल्या आणि लिंबाची उरलेली फोड त्यांनी माझ्या पत्नीच्या हातावर ठेवली.

पितुमार्का सोडल्यावर कच्चा रस्ता वळणे घेत चढू लागतो, शेते मागे पडतात, आणि ‘इचू’ नावाच्या ताठ पिवळ्या गवताचे माळ सुरू होतात. अल्पाकांचे कळप रस्त्यावर आडवे येतात, त्यांच्यामागे कानटोपी घातलेले एखादे पोर धावत असते. वाहनतळाजवळ स्थानिक वस्तीचे लोक प्रवेशशुल्क घेऊन पावती देतात. या डोंगराची देखरेख आणि वाटेची डागडुजी त्यांच्याकडेच आहे. आपली वाट सोपी होण्यात कोणाकोणाचे हात लागले आहेत याचा तो छोटासा कागद म्हणजे दाखलाच होय.

गाडीतून उतरून मी नेहमीच्या चालीने वीसेक पावले टाकली असतील नसतील, तोच काळजाचे ठोके कानांत वाजू लागले. वाटाड्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढेच सांगितले, “पोको आ पोको”, म्हणजे हळूहळू. मग त्याने आपली चाल आम्हांस शिकविली: पाऊल लहान, टाच पूर्ण टेकल्यावर दुसरे पाऊल, श्वास नाकाने, आणि बोलता येणार नाही इतके वेगाने कधीही चालावयाचे नाही. त्याच्या पिशवीत प्राणवायूचे नळकांडे होते. पण खरे औषध त्याची ती चाल होती. अनुभवी वाटाड्या बरोबर घेण्याचे प्रयोजन येथे समजते. वाट चुकण्याजोगी नाही, परंतु माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या श्वासाचा हिशोब वाचणे हे परक्याला साधणारे काम नाही.

त्या चालीने चालू लागलो, आणि डोंगर दिसू लागला. वेगाने गेलो असतो तर रंग तेवढे दिसले असते. हळू चालल्याने त्या रंगांचे थर दिसले. जवळच्या उतारावर तांबडा पट्टा, त्यावर मोहरीसारखा पिवळा, मग शेवाळी हिरवा, मध्येच पांढुरकी रेघ, आणि पुन्हा तांबडा. जणू कोणी धाबळी पर्वताच्या खांद्यावर टाकली असावी. ढग सूर्यावरून सरकला की सारे पट्टे मळकट होत आणि ऊन पडताच क्षणार्धात उजळून निघत. पलीकडच्या टोकास उभ्या सुळक्यांचे ‘दगडांचे अरण्य’ होते. आणि हवा निवळली तेव्हा दूरवर ६,३०० मीटरांहून उंच अशा औसंगातेचे हिमशिखर दिसले, ज्याला तेथील लोक ‘अपू’, म्हणजे मुलखाचा राखणदार देव, मानतात.

हे रंग आले कोठून, याचे उत्तर आपल्याला परके नाही. तांबडा रंग लोहाच्या गंजाचा, ज्याला खनिजशास्त्रात हेमॅटाइट म्हणतात. आपला गेरू तोच आणि कोकणच्या जांभ्याची लाली त्याच लोहाची. पिवळा रंग पाणी धरून ठेवलेल्या लोहखनिजांचा, म्हणजे आपली पिवडी. हिरवा रंग लोह व मॅग्नेशियम असलेल्या क्लोराइटसारख्या खनिजांचा, आणि पांढरा गारेच्या वाळूचा व चुनखडीचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याच्या तळाशी गाळाचे थर एकावर एक आडवे बसत गेले. ज्या थरात जे खनिज अधिक, त्याला तो रंग. पुढे पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकत राहिल्याने अँडीज पर्वत उचलला गेला, ते आडवे थर तिरपे होऊन वर आले, आणि पाऊस, बर्फ व वारा यांनी त्यांच्या कडा सोलून काढल्या. पृथ्वीने आपले दप्तर असे उभे करून उघडे ठेवले आहे. यातील कोणतीही कृती घाईने झालेली नाही. मग पाहणाऱ्याने तरी घाई का करावी?

परंतु हे दप्तर फार नाजूक आहे. रंगीत उतारांची माती भुसभुशीत असते. पायवाट सोडून छायाचित्रासाठी कोणी पट्ट्यावर उतरला, तर त्या पावलांची जखम दीर्घकाळ राहते. मानवी लोभाचे संकट याहून मोठे. विनिकुंकाच्या क्षेत्रात खाणीचा परवाना दिला गेल्याचे २०१८ साली उघडकीस आले, तेव्हा मोठा विरोध झाला आणि तो हक्क सोडण्यात आला. पुढच्याच वर्षी औसंगाते परिसरास प्रादेशिक संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. हवामानाच्या पालटावर मात्र असा हुकूम चालत नाही. याच पर्वतराजीत कोय्युर रित्ती नावाची मोठी यात्रा भरते. २०११ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. त्या यात्रेतले भक्त पूर्वी हिमनदीचा पवित्र बर्फ प्रसाद म्हणून पाठीवर घेऊन खाली आणीत. हिमनद्या आटू लागल्याचे पाहून त्यांनी ती प्रथा आपणहून थांबविली. प्रसाद न नेणे हीच जेथे भक्ती ठरली, त्या लोकांच्या डोंगरावर आपण पाहुणे आहोत, एवढे भान पुरेसे आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मे ते सप्टेंबर हा तेथील कोरडा काळ, म्हणजे आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तेथे आभाळ निरभ्र असते. डिसेंबर ते मार्च पावसाचा जोर राहतो. कपडे एकावर एक घालावे. ऊन, गारा आणि बोचरा वारा एका तासात भेटतात. टोपी, काळा चष्मा आणि उन्हापासून जपणारे मलम विसरू नये. कोकाच्या पानांचा चहा तेथे सर्वत्र व उघडपणे मिळतो, पण ती पाने किंवा त्यांच्या पुड्या आठवण म्हणून आणू नयेत. भारतात तो गुन्हा आहे.

उतरल्यावर खालच्या गावात जेवताना पानात उकडलेले बटाटे आले, जांभळे, पिवळे, तांबूस. बटाट्याचे मूळ घर हेच पर्वत. पोर्तुगिजांच्या मुखातून त्याचे नाव आपल्या भाषेत आले आणि आज बटाट्याच्या भाजीशिवाय आपल्या घरचा उपास पुरा होत नाही. आम्ही ते मिठाला लावून सावकाश खाल्ले. निघताना पत्नीने पदराच्या गाठीतून एक तांबडा खडा काढला. वाटेवर तो बुटात शिरला होता आणि तिने नकळत जपून ठेवला होता. तिने तो वाटाड्यापुढे धरला. उद्या तो पुन्हा पाहुण्यांना घेऊन वर जाणार होता. त्याने खडा घेतला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. तिच्या बोटांवर मात्र गेरूचा रंग राहिला होता, आणि कुस्को येईपर्यंत तिने तो पुसला नाही.