पुरलेल्या माणसाचीही फिर्याद असते

आमच्या लिंगायत घरात माणूस गेला की त्याला बसवून समाधी देतात. जंगम मंत्र म्हणतात आणि इष्टलिंगासह देह मातीत जातो. अहमदपूर, उदगीर, मुखेड, देगलूर या भागात मुसलमान आणि महानुभावही पुरतात. लहान लेकरू गेलं तर बहुतेक समाज पुरतात. म्हणून नायब तहसीलदार असताना पुरलेला देह उकरण्याचं पहिलं प्रकरण टेबलावर आलं, तेव्हा नातेवाइकांइतकंच मलाही जड गेलं.

पोलिसांना आपल्या मनाने माती उकरता येत नाही. मृत्यूचं कारण शोधण्यासाठी देह वर काढायला लावण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांचा. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 176मध्ये होता. 1 जुलै 2024पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196मध्ये आहे. तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असल्यामुळे पोलिसांचं पत्र तहसीलमध्ये येतं. चौकशीची खबर शक्य तिथे आई-वडील, मुलं, भावंडं, जोडीदार यांना द्यावी आणि त्यांना हजर राहू द्यावं, असं कायदाच सांगतो.

काम सकाळी लवकर सुरू होतं. भरपूर उजेड मिळतो, गर्दीही टळते. भोवती कनात लावतात. पुरताना हजर असलेली माणसं जागा दाखवतात, पंचांसमोर खोदकाम होतं, घरचे देह ओळखतात. शवविच्छेदन सरकारी डॉक्टर करतात. देहावर जंतुनाशक शिंपडत नाहीत, कारण त्याने विषाची तपासणी बिघडते. देहाच्या वरची, खालची, बाजूची माती घेतात; शिवाय लांबची मातीही घेतात. आर्सेनिक मुळात जमिनीतही असू शकतं. ते बाहेरून देहात उतरलं की माणसाच्या पोटात गेलं होतं, हे या तुलनेतून कळतं. मग नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात.

आपल्या कायद्यात यासाठी मुदत नाही. रायगडमधल्या गागोदे गावाजवळ 2012मध्ये सापडून पुरलेल्या देहाचे अवशेष पोलिसांनी 2015मध्ये उकरले आणि ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीला पाठवले. मोडलेलं हाड, गोळीची खूण, केसांतलं आर्सेनिक वर्षानुवर्षं टिकतं. आपल्याकडे घरोघरी असणारी बरीचशी कीटकनाशकं मात्र देह कुजताना विघटित होतात. तिथे दिरंगाई गुन्हेगाराच्याच पथ्यावर पडते.

यात विटंबना होते म्हणून अनेक घरं आडवी येतात. त्यांचं दुःख मला समजतं, पण मी त्यांच्याशी सहमत नाही. सासरी अचानक गेलेल्या लेकीला स्वतः ठाण्यात जाता येत नाही. तिचा देहच तिची फिर्याद मांडतो. तपासणीनंतर देह घरच्यांच्या ताब्यात मिळतो, पुन्हा विधिपूर्वक माती देता येते.

म्हणून सांगतो, मृत्यूबद्दल शंका असेल तर मातीआधीच ठाण्यात लेखी अर्ज देऊन शवविच्छेदन मागा. माती झाली असेल, तरी गप्प बसू नका. अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या.