वायरलेसची पॉवर जाते कुठे?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. लाखोंच्या गर्दीत मोबाइल लागेनासा होतो, तेव्हा बंदोबस्ताची सगळी भिस्त वायरलेसवर असते. त्याच वेळी एखादा सेट ऐकतो, पण त्याचं बोलणं कुणालाच पोचत नाही. ‘सेट गेला’ असं लगेच म्हटलं जातं. माझ्या मते हे निदान बहुतेक वेळा घाईचं असतं.

गाडीतला २५ वॅटचा व्हीएचएफ सेट ऐकताना अर्धा अँपिअरही घेत नाही. बोलताना मात्र पाच-सहा अँपिअर ओढतो. ढिला फ्यूज, गंजलेलं टर्मिनल तेव्हाच उघडं पडतं. म्हणून व्होल्टेज पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबूनच मोजायचं. १३.८ वरून काटा ११ च्या खाली आला, तर सेट उघडूच नका, वायरिंग तपासा.

वायरिंग ठीक असेल तर वॉटमीटर लावायचा. जुन्या कारागिरांच्या टेबलावर ‘बर्ड ४३’ असतो. त्याच्या पोटातल्या गोल एलिमेंटवर बाण कोरलेला असतो. बाण अँटेनाकडे असला की जाणारी पॉवर दिसते; उलटा फिरवला की परत येणारी. आधी अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड जोडायचा. त्यावर २५ वॅट मिळाले, तर सेटची पॉवर ठीक. मग अँटेना जोडायची. जाणाऱ्यातली चौथाई पॉवर परत येत असेल, तर एसडब्ल्यूआर (अँटेना किती बेजुळ आहे ते सांगणारं गुणोत्तर) ३ झाला. अशा वेळी बरेच सेट आतला ट्रान्झिस्टर वाचवायला स्वतःच पॉवर कमी करतात.

खरी फसगत उंचावरच्या अँटेनाच्या लांब केबलमध्ये होते. चांगली, पातळ आरजी-५८ केबलसुद्धा १५० मेगाहर्ट्झला ३० मीटरमध्ये पाऊण पॉवर खाते. त्यात कनेक्टरमधून पावसाचं पाणी शिरलं की तांब्याची जाळी काळी पडते आणि नुकसान आणखी वाढतं. पण ही केबल परतणारी पॉवरही गिळते, म्हणून खाली मीटरवर एसडब्ल्यूआर उत्तम दिसतो! त्या आकड्यावर विसंबू नका. मीटर वर, अँटेनाच्या टोकाशी नेऊन मोजा.

पॉवर निम्मी झाली तर ऐकणाऱ्याला फारसा फरक कळत नाही, तो फक्त ३ डेसिबलचा असतो. संपर्कच तुटला असेल, तर बिघाड त्याहून मोठा समजा.

पावसाळ्याआधी प्रत्येक कनेक्टर उघडून पुसा, सीलिंग टेपने बंद करा. आणि अँटेना किंवा डमी लोड जोडल्याशिवाय पीटीटी कधीही दाबू नका.