सर्वनामे, इंग्रजी
नामाऐवजी योजिले जाणारे शब्द. पुरुषवाचक, स्वामित्वदर्शक, आत्मवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक व अनिश्चित हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. मराठीभाषकास अडचण येते ती वाक्यातील योजनेची. ‘काल उमापूरला गेलास’ यात ‘तू’ क्रियापदावरूनच कळतो; इंग्रजी ‘वेन्ट’ सर्व पुरुषांत सारखेच असल्याने तेथे ‘यू’ गाळता येत नाही. कर्तृपदी ‘आय’ येते. इंग्रजी ‘मी’ म्हणजे ‘मला’, हे उच्चारसाम्य नवशिक्यास हमखास चकविते. खुर्ची ‘ती’, आंबा ‘तो’. इंग्रजीत दोहोंस ‘इट’. खरी उणीव ‘वुई’ची : श्रोत्यास वगळणारे ‘आम्ही’ व सामावून घेणारे ‘आपण’ हा भेद त्यात उमटत नाही, ‘वुई शॅल गो’ म्हणणारा श्रोत्यास बरोबर नेणार की नाही, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.