उडत्या थेंबाचें छायाचित्र

पोथ्यांचा संग्रह करणारांस शाईचा डाग कांहीं नवा नाहीं. वऱ्हाडांतील जुनें पान चाळतांना मध्यें काळा ठिपका व भोंवतीं बारीक शिंतोड्यांचें कडें दिसलें, कीं लेखकाच्या हातून थेंब पडला एवढें आपण ओळखतों. थेंब आदळल्यावर डाग उमटेपर्यंत काय घडलें, तें मात्र डोळ्यास दिसत नाहीं. तें चित्रांत कसें धरतात हें येथें सांगण्याचें योजिलें आहे. कारण त्यांतील एक गोष्ट पाठशुद्धीच्या कामीं आम्हांस फार मोलाची वाटते.

40 सेंटिमीटरांवरून सोडलेला थेंब खालीं पोंचतां पोंचतां सेकंदास सुमारें 2.8 मीटर वेगानें जात असतो. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा हजारावा भागच उघडी ठेविली, तरी तेवढ्यांत तो जवळजवळ 3 मिलिमीटर सरकतो व चित्र फरकटतें. म्हणून गति झडपेनें नव्हे, तर प्रकाशानें अडवावयाची, हें या विद्येचें बीज होय. गडद अंधारांत कांच उघडी ठेवून नेमक्या क्षणीं विजेची ठिणगी पाडावयाची. इंग्लंडांतील ए. एम. वर्दिंग्टन याच्या ठिणगीचा अवधि सेकंदाच्या तीन दशलक्षांशांहूनहि कमी होता. तेवढ्यांत आपला थेंब मिलिमीटराचा शंभरावा भागहि हलत नाहीं.

आतां नेमका क्षण कसा साधावयाचा? वर्दिंग्टन थेंबाबरोबरच दुसरीकडे एक गोळी सोडी. ती ठराविक अंतर पडली कीं ठिणगी उडे. वरील वेगाच्या गोळीस आणखी 1 सेंटिमीटर पडूं दिलें, कीं ठिणगी सेकंदाच्या सुमारें 280 व्या भागानें मागें पडे. दर वेळीं नवा थेंब, नवी ठिणगी, पुढचा टप्पा. आधीं द्रवाची पातळ भिंत वर चढते, तिच्या कांठास मणी फुटून मुकुट होतो, तो बसला कीं मध्यावरून स्तंभ उसळतो. ही मालिका एका थेंबाची नव्हे. खंडित प्रती जुळवून ग्रंथ उभा करावा तशी ती अनेक थेंबांवरून जुळविलेली आहे.

परंतु खरी गंमत पुढेंच आहे. छायाचित्रें साधण्यापूर्वीं अनेक वर्षें वर्दिंग्टन ठिणगीच्या उजेडांत दिसलेला आकार हातानें काढीत असे, आणि ते मुकुट अगदीं समप्रमाण असत. 1890 नंतरच्या दशकांत छायाचित्रें मिळालीं, तेव्हां मुकुट वांकडे, दांते विषम! 1908 च्या आपल्या ग्रंथांत त्यानें प्रांजळपणें लिहिलें कीं, अनियमित आकृत्या आपण बाजूस सारीत होतों. मनांत एक निर्दोष शिंतोडा ठसला होता, तोच खरा वाटे.

नक्कल करणारा लेखक मूळांतील वांकडा शब्द 'सुधारतो' तो याच न्यायानें. त्याला लबाड म्हणतां येत नाहीं, म्हणूनच त्याची चूक पकडणें अवघड. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर येथें म्हाइंभटानें लीळा जमविल्या. त्या लीळाचरित्राच्या पोथ्यांत न जुळणाऱ्या आठवणी एकीच्या सांच्यांत न बसवितां 'वासना' किंवा 'शोधु' म्हणून शेजारीं ठेवलेल्या आढळतात. आमच्या मतें महानुभावांची ही शिस्त वर्दिंग्टनच्या पहिल्या चित्रांहून अधिक शास्त्रीय होती. उलट, पानांचीं छायाचित्रें घेऊन त्यांवरील डाग संगणकावर पुसण्याची हल्लींची हौस आम्हांस मुळींच रुचत नाहीं.

अमेरिकेंत हॅरोल्ड एजर्टन यानें विजेच्या दिव्यानें टिपलेला दुधाचा मुकुट 1957 सालचा, तो सर्वत्र प्रसिद्ध आहे. अमरावतीस किंवा अकोल्यास कोणास हा प्रयोग करावयाचा असल्यास साधा फ्लॅश पुरतो. त्याची शक्ति अगदीं कमी ठेवावी. मग उजेड सेकंदाच्या सुमारें वीस हजाराव्या भागापुरता पडतो व थेंब स्पष्ट उमटतो. दूध पाण्याहून बरें दिसतें. मात्र हा उद्योग पोथ्यांच्या खोलींत करूं नये.