जुनी वाइड लेन्स आणि तिचा हूड: गैरसमज व वस्तुस्थिती

फिल्मच्या काळातल्या लेन्स अडॅप्टर लावून आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर वापरणारे हौशी छायाचित्रकार आता बरेच आहेत. २४, २८ किंवा ३५ मि.मी.ची जुनी वाइड लेन्स घेताना काच, अ‍ॅपर्चरच्या पात्या, फोकस रिंग सगळं निरखून पाहिलं जातं. हूड मात्र मिळाला तर मिळाला, नाही तर राहिला. या दुर्लक्षामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज १: वाइड लेन्सचा हूड इतका आखूड असतो की त्याचा उपयोगच नाही.

वस्तुस्थिती: ५० मि.मी.ची लेन्स फुल फ्रेमवर सुमारे ४६ अंशांचा कोन टिपते, २८ मि.मी.ची ७५ आणि २४ मि.मी.ची ८४ अंशांचा. या कोनात हूडची कड आली तर ती फोटोत दिसणार, म्हणून तो आखूड आणि पसरट ठेवावा लागतो. तरीही डोक्यावरून किंवा बाजूने येणारा प्रकाश तो अडवतोच. फोटोतला काळा रंग करडा पडत नाही आणि रंग फिके होत नाहीत.

सूर्य फ्रेमच्या अगदी कडेला असेल, तर मात्र हूड अपुरा पडतो. अशा वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि समोर येऊन लेन्सची पुढची काच पाहा. तिच्यावर ऊन पडलेलं स्पष्ट दिसेल. हात किंवा काळा पुठ्ठा आडवा धरा आणि काच पूर्ण सावलीत येईपर्यंत सरकवा. तो फ्रेममध्ये येत नाही ना, एवढं पाहून शटर दाबा.

गैरसमज २: लेन्सला कोटिंग आहे, मग हूड कशाला?

वस्तुस्थिती: कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधलेल्या कोटिंगचं पेटंट १९३५ सालचं. एका थराच्या कोटिंगने हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास येतं. पण एसएलआरमध्ये आरशाला जागा ठेवायची, तर वाइड लेन्सची रचना गुंतागुंतीची होते आणि काचा वाढतात. १९६७ साली आलेल्या निकॉर २४ मि.मी. एफ/२.८ मध्ये सात गटांत नऊ काचा आहेत. म्हणजे हवेला लागणारे १४ पृष्ठभाग. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा प्रकाश भरकटतो आणि त्यातला काही फिल्मवर किंवा सेन्सरवर पोहोचतो.

पेन्टॅक्सने १९७१ मध्ये ताकुमार लेन्सवर बहुस्तरीय कोटिंग आणलं, तेव्हा परावर्तन आणखी घटलं, पण संपलं नाही. कोटिंग आत आलेल्या प्रकाशाचं परावर्तन कमी करतं. हूड नको असलेला प्रकाश आतच येऊ देत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

गैरसमज ३: आटे जुळले की कोणताही हूड चालतो.

वस्तुस्थिती: निकॉरच्या अनेक जुन्या लेन्सचे आटे ५२ मि.मी.चेच आहेत. तरी निकॉनने २४ साठी एचएन-१, २८ साठी एचएन-२ आणि ३५ साठी एचएन-३ असे वेगळे हूड काढले. ५० मि.मी.साठीचा हूड २८ वर चढवला, तर कोपरे काळे पडतील. योग्य हूडही जाड फिल्टरवर बसवला की पुढे सरकतो आणि तोच दोष देतो. एपीएस-सी सेन्सरवर मात्र २८ मि.मी.ची लेन्स साधारण ४२ मि.मी.इतकंच दृश्य टिपते. तिथे ३५ साठीचा हूड चालतो आणि प्रकाशही जास्त अडवतो.

गैरसमज ४: व्ह्यूफाइंडरमध्ये कोपरे स्वच्छ दिसले म्हणजे हूड ठीक आहे.

वस्तुस्थिती: अनेक फिल्म एसएलआरचे व्ह्यूफाइंडर पूर्ण फ्रेम दाखवतच नाहीत, निकॉन एफएम२ चा सुमारे ९३ टक्केच दाखवतो. शिवाय आपण पाहतो ते पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरमधून, आणि तेव्हा हूडची सावली पुसट असते. खरी परीक्षा डिजिटल कॅमेऱ्यावर घ्या. फोकस अनंतावर, अ‍ॅपर्चर एफ/१६, समोर पांढरी भिंत किंवा ढगाळ आभाळ. एक फोटो हूड लावून, एक काढून. दोन्हींचे चारही कोपरे ताडून पाहा.

गैरसमज ५: पाकळ्यांचा हूड गोल हूडपेक्षा केव्हाही सरस.

वस्तुस्थिती: पाकळ्या आयताकृती फ्रेमला जुळवून कापलेल्या असतात, त्यामुळे त्या नेमक्या जागीच बसायला हव्यात. आट्यांवर फिरवलेला हूड कुठे घट्ट होईल, याचा भरवसा नसतो. काही जुन्या लेन्समध्ये फोकस करताना पुढची रिंगही फिरते आणि पाकळी कोपऱ्यात येते. अशा लेन्सला गोल हूडच बरा.

गैरसमज ६: धुरकट फोटो हूडने सुधारतात.

वस्तुस्थिती: लेन्सच्या आत बुरशी किंवा धुरकट थर असेल, तर हूड काही करू शकत नाही. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सना हा धोका जास्त. अंधाऱ्या खोलीत लेन्समधून टॉर्च तिरका मारून पाहा; बुरशीचे तंतू आणि धुरकट थर लगेच दिसतात. त्याला इलाज म्हणजे जाणकाराकडून सफाई.

जुनी वाइड लेन्स घेताना तिच्या हूडचीही चौकशी करा. मूळ हूड मिळत नसेल, तर त्याच फोकल लेन्थसाठीचा गोल, धातूचा हूड घ्या, भिंतीसमोर तपासा आणि आभाळ ढगाळ असलं तरी लावूनच ठेवा.