एएनएम की जीएनएम? प्रवेशाआधीचा हिशेब

बारावीचे निकाल लागले की नर्सिंगच्या जाहिराती ए.बी. रोडवर आणि रिक्षांच्या पाठीवर झळकू लागतात. राऊमधल्या आपल्या काही घरांतही यंदा हाच विषय चालू आहे. बँकेत असताना शैक्षणिक कर्जाचे अर्ज आम्ही पुष्कळ पाहिले. अर्जात फीचा आकडा नेमका असतो, पुढच्या कमाईचा मात्र कुणी विचारलेला नसतो. म्हणून थोडी आकडेमोड.

आधी नावांचा घोळ. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठीच असून बारावी कोणत्याही शाखेची चालते. जीएनएम तीन वर्षांचा, त्याला मुलगेही जाऊ शकतात. बी.एससी. नर्सिंगला चार वर्षे लागतात आणि बारावीला जीवशास्त्र हवे. या तिन्हींची नोंदणी राज्याच्या नर्सिंग परिषदेकडे होते. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे ‘नर्सिंग असिस्टंट’ वगैरे प्रमाणपत्र ही वेगळीच गोष्ट आहे. त्यावर रुग्णालयात मदतनीसाचे काम मिळेल, पण परिषदेत नर्स म्हणून नाव लागणार नाही. जाहिरातीत हा फरक बारीक अक्षरातही नसतो.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, आपले खरे आकडे घालून पाहावेत. एएनएमची दोन वर्षांची फी, गणवेश, पुस्तके, बसभाडे मिळून दीड लाख धरू. मुलीने शिकण्याऐवजी दुकानात किंवा पीथमपूरच्या एखाद्या कारखान्यात काम केले असते तर महिना 8,000 मिळाले असते. दोन वर्षांचे ते 1,92,000 झाले. म्हणजे खरा खर्च 3,42,000. ‘ती घरीच असती, मग तिचा पगार कशाला धरायचा?’ असे एका पालकांनी आम्हाला विचारले होते. मुलाच्या बाबतीत हा प्रश्न कुणी काढत नाही, एवढेच सांगतो.

शिकून झाल्यावर छोट्या नर्सिंग होमने 11,000 दिले, तर जादा कमाई महिना 3,000 आणि वर्षाला 36,000. गुंतवलेले पैसे वसूल व्हायला साडेनऊ वर्षे लागतील! तोच पगार 20,000 असेल तर दोन वर्षे पाच महिने पुरतात. जीएनएमला फी अडीच लाख आणि तीन वर्षांचा बुडालेला पगार मिळून खर्च 5,38,000 होतो. सुरुवात 16,000 ने झाली तर वसुलीला साडेपाच वर्षांहून थोडे अधिक. खर्च मोठा असूनही वसुली लवकर होते, कारण मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्सच्या जागेला जीएनएम किंवा बी.एससी. लागते, एएनएमला तिथे साहाय्यकाचेच काम मिळते. भोपाळच्या एम्ससारख्या संस्थेतल्या भरतीलाही जीएनएम आणि पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव चालतो, तिथे मूळ वेतन 44,900 पासून आहे. एएनएमचा खरा उपयोग सरकारी उपकेंद्रांच्या भरतीत आहे. त्या वाटेने जायचे असेल तर ती निवड चांगली, पण जागा निघेपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

20,000 हा आकडा हवेतला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधल्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला इतके किमान वेतन असावे आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतके, अशी शिफारस केली. शिफारस राज्यांकडे गेली, पण ती बंधनकारक करण्याचे काम राज्यांचे. त्यामुळे नेमणुकीच्या वेळी रुग्णालयाच्या खाटा किती, हे जरूर विचारावे.

मध्य प्रदेशात आणखी एक जोखीम आहे आणि ती आम्हाला सर्वांत मोठी वाटते. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने राज्यातल्या 308 नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली. त्यात 169 योग्य ठरली, बाकीच्यांत त्रुटी निघाल्या किंवा ती अपात्र ठरली. पुढे मे 2024 मध्ये सीबीआयच्याच निरीक्षकाला लाचेच्या आरोपाखाली अटक झाली आणि त्या 169 चीही फेरतपासणी करण्याचा आदेश निघाला. या सगळ्यात अनेक विद्यार्थ्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षे लांबल्या. आपल्या हिशेबात परीक्षा एक वर्ष लांबणे म्हणजे 96,000 रुपये आणखी गेले. फीच्या पावतीत हे कुठेच दिसत नाही.

तेव्हा महाविद्यालयाच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून समाधान मानू नका. मान्यता चालू सत्राची आहे का, ते परिषदेच्या यादीत तपासा. प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवतात ते विचारा आणि तिथे एकदा जाऊन या. रुग्णच नसलेल्या इमारतीत इंजेक्शन शिकता येत नाही. सरकारी जागांसाठी कर्मचारी चयन मंडळाची प्रवेश परीक्षा असते, तिचा अर्ज चुकवू नये. तिथली फी खासगीच्या तुलनेत फारच कमी असते.

कर्जाबद्दल थोडे. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. अनेक सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. दीड लाख दोन समान भागांत, दहा टक्क्यांनी घेतले, तर हप्ते सुरू होईपर्यंत 37,500 व्याज झालेले असते. ते धरून पाच वर्षांच्या फेडीचा हप्ता जवळपास 3,980 पडतो. 11,000 पगारातून तो किती जड जाईल, ते मुलीला शेजारी बसवून, तिच्यासमोर मोजा. आणि महाविद्यालय पावतीशिवाय रोख मागत असेल, तर ती रक्कम कोणत्याही बँकेच्या कर्जात बसत नाही.