केसही कापावा, वीटही फोडावी!

टांगलेला इंचभर जाडीचा दोर. खालचं टोक मोकळं. एकाच वारात तुकडा खाली पडला पाहिजे. मग त्याच सुरीनं घाव घालून दोन बाय चार इंची लाकडाचे दोनदा तुकडे. मग, मध्ये धार न लावता, हातावरचे केस साफ. एवढ्यातून निभावलेल्या पात्याचं टोक शेवटी व्हाइसमध्ये आवळायचं आणि पातं नव्वद अंशांत वाकवायचं. दोन तुकडे झाले तर घडवणारा नापास.

ही अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षा. बिल मोरन या सुरी-कारागिरानं 1976 साली ही संस्था उभी केली. जगभरातल्या सुरीवेड्यांमध्ये या परीक्षेचा मोठा दबदबा आहे, पण कित्येकांचं तेवढ्यानं समाधान होत नाही. ते सुरीनं वीट फोडून बघतात, खिळा तोडून बघतात, पात्याच्या पाठीवर ओंडका हाणून लाकूड चिरतात, आणि मग भिंगाखाली धार तपासतात. एवढासा टवका दिसला की पोलाद बाद!

हे वेड मला मनापासून आवडतं. रोज हातात येणाऱ्या वस्तूकडे इतक्या बारकाईनं बघणारी माणसं हवीतच. पण त्यांच्या मागणीत एक अडचण आहे. ती अडचण नागपूरच्या आसपास अडीच हजार वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी लक्षात आली होती.

कडक की चिवट?

पोलाद लालबुंद तापवून झटकन विझवलं की ते कडक होतं. धार टिकायची तर हे हवंच. पण जितकं कडक, तितकं ठिसूळ. पुन्हा हलकं तापवलं की ठिसूळपणा उतरतो, चिवटपणा येतो आणि थोडा कडकपणा जातो. एक वाढवलं की दुसरं घटतं, यातून सुटका नाही.

कडकपणा मोजतात रॉकवेल मापावर. हिऱ्याचा शंकू 150 किलोच्या भारानं धातूत दाबायचा आणि तो किती खोल रुतला ते बघायचं. जर्मन धाटणीच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या साधारण 56 ते 58, जपानी सुऱ्या 60 च्या पुढे. म्हणून जपानी सुरी कांदा पारदर्शक चिरते आणि हाडावर आपटली की टवका देते. यात तिचा दोष काहीच नाही.

चिवटपणाचं माप वेगळं. फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांच्या नावाची ही चाचणी 1901 पासूनची. 10 मिलिमीटर चौरस आणि 55 मिलिमीटर लांब तुकडा घ्यायचा, मधोमध 2 मिलिमीटरची खाच पाडायची आणि त्यावर जड लंबक सोडायचा. तुकडा मोडून लंबक पलीकडे किती उंच गेला, यावरून किती ऊर्जा खर्ची पडली ते कळतं. धातुशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचं यंत्र आहे हे. विटेवर सुरी आपटण्यात आणि यात फरक एवढाच, की इथे दर वेळी घाव तोच असतो. वीट प्रत्येक वेळी वेगळी, हात वेगळा, कोन वेगळा. अशा चाचणीतून सुरीपेक्षा मनगटाचीच माहिती जास्त मिळते.

वाकण्याची गंमत

पातं छान लवतं आणि परत सरळ होतं, म्हणजे त्याला 'पाणी' (तापवून-विझवून आणलेला कडकपणा) उत्तम दिलंय, असं पुष्कळ जण ठामपणे सांगतात. खरं तर पोलाद कडक असो की मऊ, ठरावीक वजनाखाली ते जवळजवळ सारखंच लवतं. लवचीकपणा ठरवते जाडी, आणि तीही घनाच्या हिशेबानं: जाडी निम्मी करा, पातं आठपट सहज लवेल. पाण्याचा संबंध येतो तो पुढे. किती लवल्यावर ते परत येणार, किती लवल्यावर वाकडंच राहणार आणि कधी मोडणार, हे पाणी ठरवतं.

म्हणूनच नव्वद अंशांच्या परीक्षेला बसणारे कारागीर एक युक्ती करतात. धार कडक ठेवायची आणि पाठ मुद्दाम मऊ करायची. पाठ वाकते, धार कापते, दोन्ही गुण एकाच पात्यात. आता वळू नागपूरकडे.

नायकुंडची भट्टी

नागपूरच्या भोवती जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे दगडांची मोठाली वर्तुळं आहेत, महापाषाणयुगीन माणसांची दफनं. जुनापाणीची काही वर्तुळं रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं 1867 मध्येच खणली होती. शंभर वर्षांनी पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भात पद्धतशीर उत्खननं केली. मृतांसोबत पुरलेलं लोखंड केवढं! कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, घोड्यांचे लगाम. कुऱ्हाडीचं पातं दांड्याला घट्ट धरण्यासाठी लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या आवळलेल्या. घाव घालताना पातं निसटू नये, याची काळजी तेव्हाही होती.

पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोहमळीसुद्धा. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा.

खरी मेजवानी सूक्ष्मदर्शकाखाली आहे. संशोधक जांग-सिक पार्क आणि डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी विदर्भातल्या या लोखंडी वस्तूंची अंतर्रचना तपासली. हत्याराचं अंग मऊ, कमी कार्बनच्या लोखंडाचं, आणि काम करणारा भाग पोलादाचा. जिथे धार हवी तिथेच कार्बन, जिथे धक्का सोसायचा तिथे मऊपणा. शार्पीचा लंबक नाही, रॉकवेलचा हिरा नाही, कार्बन हा शब्दही कुणाला ठाऊक नाही. पण कुठे काय हवं ते या माणसांना नेमकं कळत होतं. मला विदर्भाच्या इतिहासातली ही सर्वांत अभिमानाची गोष्ट वाटते, आणि शाळेच्या पुस्तकात ती ठळक छापली पाहिजे.

रघुजींची फिरंग

पात्याच्या बाबतीत चोखंदळ असणं नागपूरकर भोसल्यांनाही ठाऊक होतं. पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारनं ती सुमारे 47 लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. मूठ इथल्या घडणीची, पातं सरळ, एकधारी आणि युरोपातलं. त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव, त्यांचं सेनासाहेबसुभा हे पद आणि 'फिरंग' हा शब्द कोरलेला. आपल्याकडच्या सरदारांना विलायती पात्यांची आवड होती; चांगलं पातं समुद्रापलीकडून आलं तरी घ्यायचं आणि मूठ आपल्या हाताची बसवायची.

जपानमध्येही तलवारीवर सोन्याची अक्षरं जडवत, पण मजकूर वेगळा. तिथे गुन्हेगारांच्या मृतदेहांवर तलवारी पारखत आणि एका घावात किती धडं कापली गेली, ते मुठीत दडणाऱ्या भागावर कोरून ठेवत. कठोर परीक्षांचं वेड तेव्हापासूनचं आहे.

सुलतानाचा रुमाल

हवेत सोडलेला रेशमी रुमाल सलाउद्दीननं तलवारीनं अलगद दोन केला, ही गोष्ट पोलादाच्या गप्पांत हमखास निघते. ती आली वॉल्टर स्कॉटच्या 1825 च्या 'द टॅलिस्मन' या कादंबरीतून. गोष्टीत समोर असलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि सुलतान सलाउद्दीन प्रत्यक्षात कधी भेटलेच नाहीत. दमास्कस तलवारींमागचं भारतीय मुशीतलं पोलाद मात्र खरोखर अद्भुत होतं. 2006 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांना अशा एका जुन्या पात्यात कार्बनच्या नॅनोनळ्या आढळल्या. पण ते पोलाद भरपूर कार्बनचं, म्हणजे कडक आणि ठिसूळ. विटेवर आपटायला ते कधीच नव्हतं.

ट्रकचा पाटा

आजच्या विदर्भातला सुरीवेड्यांचा खरा गुरू गावच्या भात्यापाशी सापडतो. लोहार किंवा रस्त्याकडेला पाल ठोकणारा घिसाडी, समोर ऐरण, आणि घण उचलणारी बहुतेक वेळा त्याची घरधनीण. माल कुठला? जुन्या ट्रकचा कमानपाटा. त्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या मधला, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम. लाखो खड्डे सोसायला बनवलेलं हे पोलाद चिवटपणात फार वरचं. अमेरिकेतले कारागीरही कुऱ्हाडीसारख्या सुऱ्यांसाठी याच जातीचं पोलाद आवडीनं वापरतात.

त्याच्याकडे गेलात तर पहिला प्रश्न येतो, "काय तोडाचं हाय भाऊ?" बाभूळ तोडायची तर जाड धार, मऊ पाणी. गवत कापायचं तर पातळ धार, कडक पाणी. तापलेल्या लोखंडाचा रंग तो सावलीत बघतो, कारण नागपुरी उन्हात तो रंग डोळ्यांना फसवतो. हजार-हजार डॉलरच्या सुरीबद्दल तावातावानं बोलणाऱ्यांपैकी कित्येकांनी हा प्रश्न स्वतःला विचारलेलाच नसतो.

निळा डाग

नागपूरचा 47 अंशांचा मे महिना पात्याचं काहीही बिघडवत नाही; पाणी उतरायला दीडशे-दोनशे अंश लागतात. बिघडवतो तो कोरडा विजेचा ग्राइंडर. पातळ धार क्षणात तापते आणि साध्या पोलादावर आधी गवती पिवळा, मग निळा रंग चढतो. निळा म्हणजे सुमारे 300 अंश. तिथली धार मऊ झाली, आता ती टिकणार नाही. सायकलवरचा धारवाला दगड हळू फिरवत असेल आणि मधूनमधून पाणी मारत असेल, तर सुरी बिनधास्त त्याच्या हाती द्या.

घरची परीक्षा

शेफील्डच्या कॅट्रा संस्थेचं यंत्र वाळूचा कण मिसळलेल्या कागदी पट्ट्या 50 न्यूटन भारानं कापत राहतं आणि एकूण किती जाडी कापली ते मोजतं. घरी इतकं नको. पिकला टोमॅटो सालीवर दाब न देता कापला जातो का, बघा. वर्तमानपत्राची कड न फाटता चिरली जाते का, बघा. पितळेच्या बारीक सळईवर धार टेकवून थोडा दाब देऊन सरकवा: धार किंचित लवून परत आली तर पाणी बरोबर, लवलेलीच राहिली तर मऊ, टवका उडाला तर जास्तच कडक. सावजी रश्श्यातलं मटणाचं हाड मात्र या सुरीला दाखवू नका. त्यासाठी सत्तूर आहे, जाड धारेचा.